नाकात मांस वाढलंय म्हणजे नेमकं काय वाढलंय?

"नाकात मांस वाढलंय" असं डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग ऑपरेशन कधी करायचं?" मांस वाढलंय म्हणजे कापायला हवं, असं आपण धरूनच चालतो. पण या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. आधी ती सोडवू.

नाकाच्या आत, दोन्ही बाहेरच्या भिंतींवर, प्रत्येकी तीन वळकट्या असतात. त्यांना टर्बिनेट म्हणतात. आत पातळ हाड आणि वर रक्तवाहिन्यांनी भरलेलं अस्तर अशी त्यांची रचना असते. आपण घेतलेला श्वास उबदार आणि ओलसर करणं हे त्यांचं काम. त्या सगळ्यांनाच जन्मापासून असतात, आणि सर्दी किंवा ॲलर्जी झाली की फुगतात. आरशासमोर टॉर्च धरून नाकात डोकावल्यावर जो गुलाबी गोळा दिसतो, तो बहुतेक वेळा सर्वांत खालचा टर्बिनेट असतो. तो बघून घाबरून गेलेली माणसं पुष्कळ आहेत.

पॉलिप त्याहून निराळा. तो फिकट, राखाडी किंवा पिवळसर, काहीसा पारदर्शक आणि ओलसर असतो, सोललेल्या द्राक्षासारखा. सहसा एकटा नसतो, घडानं असतो आणि दोन्ही नाकपुड्यांत असतो. टर्बिनेटला काही लागलं तर झोंबतं. पॉलिपला टोचलं तरी माणसाला फारसं कळत नाही, कारण त्यात संवेदना वाहून नेणाऱ्या नसा जवळजवळ नसतात. प्रौढ माणसांपैकी साधारण १ ते ४ टक्क्यांना असे पॉलिप असतात. ते चाळिशीच्या आसपास आणि पुढे जास्त दिसतात, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक.

हा लेख या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

ओल आलेली भिंत

चेहऱ्याच्या हाडांमध्ये हवेनं भरलेल्या पोकळ्या असतात. कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधे आणि त्यांच्याही मागे खोलवर. या सायनसच्या चार जोड्या. त्यांतली डोळ्यांच्या मधली जोडी म्हणजे एकसंध पोकळी नाहीच, मधाच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची रचना आहे. बहुतेक पॉलिप तिथून निघतात. या सगळ्या पोकळ्यांना आतून एकच सलग अस्तर असतं. ते चिकट द्रव तयार करतं, आणि त्यावरचे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस तो द्रव धुळीसकट घशाकडे ढकलत राहतात. हे काम रात्रंदिवस चालू असतं आणि ते नीट चाललेलं असेपर्यंत आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

या अस्तराला सूज आली आणि ती १२ आठवड्यांहून जास्त टिकली, तर त्याला जुनाट सायनुसायटिस म्हणतात. काही जणांत ही सूज इतकी भरते की अस्तराच्या आत रक्तातला द्रव झिरपून साचतो. अस्तर फुगतं, जड होतं आणि स्वतःच्याच वजनानं खाली लोंबू लागतं. तो लोंबणारा, पाण्यानं भरलेला भाग म्हणजे पॉलिप.

घराच्या भिंतीत कुठूनतरी पाणी मुरत असलं की रंगाला फुगे येतात. फुगा खरवडून वर नवा रंग दिला तर भिंत काही दिवस छान दिसते, पण गळती तशीच असेल तर त्याच जागी पुन्हा फुगा येतो. पॉलिपचं अगदी असंच आहे, आणि उपचारातली प्रत्येक गोष्ट या एका मुद्द्यावर येऊन टेकते.

मग गळती कशाची? पुष्कळ रुग्णांत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तरात मोठ्या संख्येनं जमलेल्या दिसतात. जंत आणि परजीवींशी लढण्यासाठी शरीराकडे जी यंत्रणा आहे, तिचा हा भाग. इथं ती यंत्रणा शत्रू नसताना चालू होते आणि बंद होत नाही. इंटरल्युकिन-४, इंटरल्युकिन-५ आणि इंटरल्युकिन-१३ ही तिला चालू ठेवणाऱ्या रासायनिक निरोप्यांची नावं लक्षात ठेवा, पुढे इंजेक्शनांपाशी ती परत येतील. अस्तराचं संरक्षक कवच कमकुवत होणं, स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची विषं त्यातून आत शिरणं, बुरशीला शरीरानं दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया, अशी बरीच कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. ॲलर्जी असेल तर त्रासात भर पडते, पण ॲलर्जी म्हणजेच पॉलिपचं कारण असं समीकरण मांडता येत नाही. ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य लोकांना पॉलिप कधीच होत नाहीत, आणि पॉलिप असलेल्या अनेकांच्या ॲलर्जीच्या चाचण्या कोऱ्या निघतात.

आधी वास जातो

नाक चोंदणं, तोंडानं श्वास घ्यावा लागणं, घोरणं, घशात मागून शेंबूड उतरत राहणं, चेहरा जड वाटणं ही लक्षणं असतात आणि ती सगळी "जुनी सर्दी" म्हणून खपून जातात. तीव्र वेदना मात्र पॉलिपचं लक्षण नाही. डोकं सतत ठणकत असेल तर अर्धशिशीसारखं दुसरं काही आहे का, हे पाहायला हवं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वास जाणं, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. माणूस सहसा "वास येत नाही" असं म्हणत नाही. "हल्ली जेवणाला चवच लागत नाही" असं म्हणतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या किंवा मशरूमच्या रश्शाला असते तशी एक भरीव चव, एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. वास टिपणाऱ्या नसा नाकाच्या अगदी छपराला, एका अरुंद फटीत असतात. पॉलिप त्या फटीचा रस्ता अडवतात आणि सूज त्या नसांच्या कामातही अडथळा आणते. म्हणूनच नाक बऱ्यापैकी मोकळं असूनही वास गेलेला असू शकतो.

यात धोकाही आहे. गॅसची गळती, जळण्याचा वास, नासलेलं अन्न यांची सूचना आपल्याला नाकच देत असतं. ज्याचा वास गेला आहे त्याच्या घरात धूर आणि गॅस ओळखणारी यंत्रं असावीत, आणि शिळं-ताजं ठरवायला घरातल्या दुसऱ्या कुणाची मदत घ्यावी. वयस्कर माणूस एकटा राहत असेल तर हे आवर्जून बघा.

दमा आणि एक वेदनाशामक गोळी

नाकाचं आणि फुप्फुसांच्या नळ्यांचं अस्तर एकाच जातीचं आहे. त्यामुळे पॉलिप असलेल्या बऱ्याच जणांना दमाही असतो, आणि नाकाची सूज आटोक्यात आली की दमाही वळणावर येतो, असं पुष्कळदा दिसतं.

या जोडीत कधी कधी तिसरी गोष्ट सामील होते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतल्यावर अर्ध्या तासापासून तीनेक तासांत नाक गच्च होतं, डोळे लाल होतात, छाती भरून येते आणि दम्याचा जोरदार झटका येतो. हे त्रिकूट फ्रान्समधल्या फर्नांद विदाल यांनी १९२२ मध्ये नोंदवलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. १९६८ मध्ये मॅक्स सॅम्टर आणि रोलंड बीअर्स यांनी ते पुन्हा सविस्तर मांडलं. तेव्हापासून ते सॅम्टरच्या नावानं ओळखलं जातं. अशा रुग्णांचे पॉलिप हट्टी असतात आणि लवकर परततात. पॉलिप आणि दमा दोन्ही असतील आणि अशी गोळी घेऊन कधी त्रास झाला असेल, तर दातांच्या डॉक्टरांपासून औषधाच्या दुकानापर्यंत प्रत्येकाला हे सांगायला हवं. पाठदुखीसाठी सहज घेतलेली एक गोळी इथं जिवावर बेतू शकते.

साधे पॉलिप कॅन्सर नसतात आणि पुढे कॅन्सरमध्ये बदलतही नाहीत. पण हे वाक्य दोन्ही बाजूंना असलेल्या, नेहमीच्या पॉलिपना लागू आहे. एकाच बाजूचं नाक बंद असेल, त्या बाजूनं रक्त येत असेल, चेहरा बधिर वाटत असेल किंवा दुखत असेल, तर तो पॉलिपच आहे असं गृहीत धरू नये. तिथं इन्व्हर्टेड पॅपिलोमासारखी, कॅन्सर होण्याची शक्यता असलेली गाठ किंवा खुद्द कॅन्सर असू शकतो आणि तुकडा तपासावा लागतो. लहान मुलांचं प्रकरण तर वेगळंच आहे. मुलांत पॉलिप मुळात दुर्मीळ. दोन्ही बाजूंना दिसले तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची तपासणी करतात. तान्ह्या बाळाच्या नाकातला गोळा कवटीच्या फटीतून खाली उतरलेला मेंदूच्या आवरणाचा किंवा मेंदूचा भाग असू शकतो. म्हणून स्कॅन केल्याशिवाय त्याला कुणीही सुई लावत नाही. शाळकरी आणि तरुण वयात एकाच बाजूला, गालाच्या सायनसमधून निघून घशाकडे उतरणारा एकुलता एक पॉलिपही असतो. तो शस्त्रक्रियेनं मुळासकट काढावा लागतो, फवाऱ्यानं जात नाही.

आणि डोळ्याभोवती सूज आली, अंधूक किंवा दुहेरी दिसू लागलं, तापासह मान आखडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

निदान दुर्बिणीनं होतं. नाक बधिर करणारा फवारा मारून बारीक दुर्बीण आत घालतात. काही मिनिटांचं काम, थोडं अवघडल्यासारखं वाटतं इतकंच. सायनसचा सीटी स्कॅन आजार किती पसरला आहे ते दाखवतो, आणि शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनचा नकाशा तोच असतो. साध्या एक्स-रेचा इथं फारसा उपयोग नाही. रक्तातल्या इओसिनोफिलचं प्रमाण सूज कुठल्या जातीची आहे याचा अंदाज देतं.

फवारा मारण्याची रीत

उपचाराचा पाया दोन साध्या गोष्टींचा आहे: मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा. या इतक्या साध्या आहेत की लोक त्यांना खरा उपचार मानतच नाहीत. "फवारा वापरून पाहिला, काही फरक पडला नाही" असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी तो आठवडाभरच वापरलेला असतो, तोही चुकीच्या दिशेला. म्हणून इथं थोडं थांबतो.

नाक धुण्यासाठी पाणी उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं. नळाचं पाणी थेट वापरू नये. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा अशा पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत पोचल्याच्या घटना घडल्या आहेत. त्या अत्यंत दुर्मीळ आहेत, पण जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरल्या आहेत, आणि पाणी उकळलं की हा धोका उरत नाही. पाण्यात मिठाची तयार पुडी घाला. नुसतं पाणी झोंबतं. बेसिनवर वाका, मान थोडी तिरकी करा, तोंड उघडं ठेवा आणि वरच्या नाकपुडीत पाणी सोडा. ते दुसरीतून बाहेर येईल. बाटली रोज धुऊन वाळवा.

मग हळूच शिंकरा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि फवारा घ्या. डोकं मागे टाकायचं नाही, किंचित खाली झुकवायचं. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा. हात असा उलटा धरला की फवाऱ्याचं टोक आपोआप त्याच बाजूच्या कानाकडे वळतं आणि नाकाच्या मधल्या पडद्यापासून लांब राहतं. पडद्यावर औषध बसत राहिलं तर तो कोरडा पडून रक्त येतं, आणि औषध हव्या त्या जागी पोचतही नाही. दाबताना श्वास हलकेच आत घ्या. जोरात ओढलात तर औषध घशात उतरेल आणि वाया जाईल.

परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला दोन-तीन महिनेही. हे औषध सूज उतरवतं आणि सूज सावकाशच उतरते. "स्टेरॉइड" या शब्दाची भीती मी समजू शकतो, पण मोमेटासोन किंवा फ्ल्युटिकासोनसारख्या फवाऱ्यांतलं औषध रक्तात अगदी नगण्य उतरतं. ते वर्षानुवर्षं वापरता येतं, तेही पाऊण चमचा नव्हे तर मायक्रोग्रॅममध्ये मोजायच्या मात्रेत.

स्टेरॉइडच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. प्रेडनिसोलोनच्या एक-दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी पॉलिप झपाट्यानं आक्रसतात, कित्येक महिन्यांनी वास येतो, माणूस हरखून जातो. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी परत परत घेतली जाते. हे करू नका. वारंवार घेतलेल्या गोळ्यांनी साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, झोप आणि मनःस्थिती बिघडते. वर्षाला एखाद-दुसऱ्या वेळेपेक्षा जास्त गोळ्या लागत असतील, तर उपचाराची दिशा बदलायची वेळ आली आहे.

नाक तात्काळ मोकळं करणारे थेंबही जपून वापरा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन-पाच दिवसांपलीकडे गेले की नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. पॉलिपवर त्यांचा काही उपयोग नाही. अँटिबायोटिकचंही तसंच. पू झाला असेल, जंतुसंसर्ग झाला असेल तर ती लागतात, पॉलिप मात्र त्यांनी जात नाहीत.

ऑपरेशन नेमकं कशासाठी

पॉलिप काढण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी दोरीला स्पंज बांधून तो नाकातून घशाकडे ओढायची रीत सांगून ठेवली आहे. त्यानंतर कैक शतकं तारेच्या फासानं पॉलिप ओढून काढत. वर दिसणारा फुगा निघे, भिंतीतली ओल तशीच राही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथं वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून सायनसचा द्रव कुठल्या वाटेनं वाहतो याचा बारकाईनं अभ्यास केला. सायनसची तोंडं बंद झाली की आजार मुरतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया घडली. १९८५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी तिला "फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी" हे नाव रूढ केलं, त्याचंच लघुरूप "फेस" आज प्रत्येक कान-नाक-घसा डॉक्टरच्या तोंडी आहे. पूर्ण भूल देऊन, नाकपुडीतूनच, चेहऱ्यावर कुठेही छेद न घेता पॉलिप काढतात आणि सायनसची दारं रुंद करतात.

दारं रुंद करणं हे यातलं मुख्य काम. शस्त्रक्रियेआधी फवाऱ्याचं किंवा धुण्याचं पाणी सायनसच्या आत जवळजवळ पोचतच नाही. दारं उघडल्यावर ते थेट सुजलेल्या अस्तरावर पडतं. ऑपरेशन औषधाला वाट करून देतं, आणि म्हणूनच ऑपरेशननंतर फवारा बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

ही जागा अवघड आहे. एका बाजूला कागदाइतक्या पातळ हाडापलीकडे डोळा, वरच्या पातळ हाडापलीकडे मेंदू. डोळ्याला इजा होणं किंवा मेंदूभोवतीचा द्रव गळणं हे धोके अनुभवी हातांत क्वचितच घडतात, पण संमतिपत्रावर सही करण्याआधी त्यांबद्दल मोकळेपणानं विचारा. नंतरचे काही आठवडे खपल्या, थोडं रक्त, दिवसातून अनेकदा नाक धुणं आणि डॉक्टरांकडे जाऊन आतली सफाई करून घेणं हे सगळं येतं. जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, जड काही उचलायचं नाही.

पॉलिप परत येतात का? येतात. बेल्जियममधल्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना १२ वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा पाचातल्या जवळपास चौघांत पॉलिप परतलेले दिसले. पण पुन्हा शस्त्रक्रिया तपासलेल्या सगळ्यांपैकी एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त जणांना लागली होती. दुर्बिणीला दिसणारा छोटा पॉलिप आणि माणसाला जाणवणारा त्रास यांत अंतर असतं. पॉलिप परतले म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही, मधल्या काळातले मोकळ्या श्वासाचे दिवस खरेच असतात.

गेल्या काही वर्षांत आलेली इंजेक्शनं मात्र थेट गळतीच्या पाइपावर बोट ठेवतात. मघाचे निरोपे आठवा. ड्युपिलुमॅब इंटरल्युकिन-४ आणि १३ चा निरोप पोचू देत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं पॉलिपसाठी मान्य केलेलं या जातीचं हे पहिलं औषध. २०२० मध्ये ओमालिझुमॅबला मान्यता मिळाली. ते ॲलर्जीशी संबंधित आयजीई या प्रतिपिंडाला पकडतं. २०२१ मध्ये इंटरल्युकिन-५ ला अडवणारं मेपोलिझुमॅब आलं. ही औषधं दोन किंवा चार आठवड्यांनी कातडीखाली टोचतात. पॉलिप लहान होतात, वर्षानुवर्षं गेलेला वास अनेकांना परत येतो, दमाही सुधारतो.

ती प्रत्येकाला लागत नाहीत. ऑपरेशन होऊनही पॉलिप परतलेत, गोळ्या पुन्हा पुन्हा लागताहेत, वास पूर्ण गेलाय, सोबत दमा आहे, रक्तात इओसिनोफिल वाढलेले आहेत, अशा गोष्टी एकत्र आल्या की त्यांचा विचार होतो. ती खूप महाग आहेत, आणि थांबवली तर पॉलिप बहुधा परततात. साधारण सहा महिन्यांनी फरक मोजून पाहावा आणि फरक नसेल तर उगाच चालू ठेवू नयेत. ॲस्पिरिनचा त्रास असलेल्या निवडक रुग्णांना रुग्णालयात देखरेखीखाली ॲस्पिरिन अगदी थोड्या मात्रेपासून चढवत नेऊन सवय लावण्याचाही एक मार्ग आहे. तो घरी करून बघायचा प्रकार मुळीच नाही.

बरं वाटायला लागलं की फवारा कधी सोडायचा, हा प्रश्न शेवटी येतोच. बहुतेकांच्या बाबतीत तो सोडायचा नसतो, डॉक्टरांच्या सल्ल्यानं फार तर मात्रा कमी करायची असते. पॉलिप परतू लागले की पुष्कळांत नाक चोंदण्याआधी वास मंदावतो. रोज सकाळी एकच ओळखीची वस्तू, अंघोळीचा साबण म्हणा, डोळे मिटून हुंगायची सवय लावा. दोन-तीन आठवडे तो वास ओळीनं फिका वाटत राहिला, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता दुर्बिणीनं आत बघून घ्या.